प्रवराकाठी शिकलेली शंका

विद्यापीठातील विद्यार्थ्याने चिकित्सक विचार करावा, म्हणजे समोर आलेले विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, तो पुरावा कसा हाती आला आणि त्यातून नेमके किती सिद्ध होते हे तपासूनच ते स्वीकारावे किंवा बाजूला ठेवावे, ही अपेक्षा आज जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत आढळते; 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिच्यावर भर दिला आहे. परंतु ही सवय विद्यार्थ्यांच्या अंगी प्रत्यक्षात कशी बाणत गेली, कोणत्या कामातून ती घडली आणि ती घडवणाऱ्या गुरूंच्या मतांनाही ती पुढे कशी लागू झाली, हा इतिहास क्वचितच लिहिला जातो. महाराष्ट्रात त्या इतिहासाचे एक ठळक प्रकरण पुण्याच्या वर्गखोल्यांपासून दूर, अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी घडले.

अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा संगमनेरवरून पूर्वेकडे वाहत जाऊन नेवासा तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. अकोल्यातील अगस्ती ऋषींचा आश्रम आणि नेवाशातील मोहिनीराजाचे मंदिर यांमुळे या नदीला पुराणकथांची दोन टोके लाभली आहेत, आणि नेवाशातच शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेल्याने मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही या काठाला अढळ स्थान आहे. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या काठावर सातवाहनांच्या पूर्वी कोण राहत होते, काय पिकवत होते आणि मृतांना कसे पुरत होते याविषयी जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. ही पोकळी दंतकथा सहज भरून काढत असत, आणि त्यांना पर्याय देण्याइतका दुसरा पुरावा कोणाजवळ नव्हता. जोर्वे, नेवासा आणि दायमाबाद या प्रवराकाठच्या तीन स्थळांनी तो पुरावा पुरवला.

तो वाचण्याची पद्धत आली ती डेक्कन कॉलेजातून. 1821 मध्ये पुण्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था 1934 मध्ये बंद पडली आणि 1939 मध्ये पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी हसमुख धीरजलाल सांकलिया तेथे पुरातत्त्वाचे अध्यापक झाले. त्यांनी 1930च्या दशकात लंडनला संशोधन करताना पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननावर काम केले होते, आणि व्हीलर यांची शिस्त त्यांनी पुण्यात आणली. या शिस्तीचा गाभा असा की जमिनीत जे जे साठत जाते ते थरांनी साठते; कोणी नंतर ढवळले नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा असतो; म्हणून एखादी वस्तू किती सुंदर आहे यापेक्षा ती कोणत्या थरात, कशाच्या सोबत सापडली याला अधिक मोल असते. यासाठी जमीन चौकोनांत आखायची, दोन चौकोनांमध्ये न खणलेला बांध राखायचा, त्या बांधाच्या उभ्या कडेवर दिसणारे थर रेखाटायचे आणि निघालेले प्रत्येक खापर थराच्या क्रमांकासह नोंदवहीत उतरवायचे, असे हे काम चाले. डेक्कन कॉलेज त्या काळी नव्याने स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी संलग्न होते (अभिमत विद्यापीठाचा दर्जा त्याला 1990 मध्ये मिळाला) आणि तेथील पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांच्या शिक्षणात अशा उत्खननांचा वाटा ग्रंथालयाइतकाच मोठा होता.

पद्धत सांगायला सोपी असली तरी नगर जिल्ह्यातील जमीन ती सहजासहजी लागू करू देत नाही. जुन्या वस्तीच्या टेकाडाला या भागात पांढरी म्हणतात, कारण शतकानुशतकांची राख, शेण, मातीच्या भिंतींचा चुरा आणि कुजलेला केरकचरा यांनी तिची माती भोवतालच्या काळ्या जमिनीपेक्षा फिकट होते. ही माती कसदार असल्याने शेतकरी ती गाड्या भरून शेतात नेत आले आहेत, आणि त्यामुळे कित्येक टेकाडांचा वरचा भाग संशोधक पोहोचण्यापूर्वीच नाहीसा झालेला असतो. त्यात पेवांची भर पडते. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेला खड्डा. वरच्या थरातून खणलेले पेव खालचे थर भेदून जाते आणि नंतरच्या काळातले खापर हजार वर्षे जुन्या थराच्या पातळीवर नेऊन ठेवते. उंदरांची बिळे आणि झाडांची मुळेही हेच करतात. खोली मोजून काळ ठरवणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो. त्याला मातीचा रंग, तिचा पोत आणि खड्ड्याची कड ओळखूनच वस्तू खरोखर कोणत्या काळची हे ठरवावे लागते. आपल्या डोळ्यांसमोर निघालेल्या वस्तूवरही लगेच विश्वास न ठेवण्याचा हा धडा कोणत्याही तर्कशास्त्राच्या पुस्तकापेक्षा खोल रुजतो, कारण येथे चूक झाली की ती सुधारता येत नाही: एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नसतो.

संगमनेरच्या पूर्वेला प्रवरेच्या काठी असलेल्या जोर्वे या गावी सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी 1950-51 मध्ये उत्खनन केले, आणि नाशिकच्या उत्खननासह त्याचा अहवाल 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी, दगडाची छोटी पाती आणि तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली, चांगली भाजलेली चाकावरची भांडी मिळाली. ज्या काळात माणसे तांबे वापरू लागली होती, पण दगडाची हत्यारे त्यांनी सोडली नव्हती, त्या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. महाराष्ट्रात असे युग होते आणि त्यात शेती करणारी स्थिर वस्ती होती, हे या खापरांवरून कळू लागले. पुढे याच प्रकारची भांडी तापीपासून भीमेपर्यंत ठिकठिकाणी सापडत गेली आणि त्या संस्कृतीला जोर्वे हे नाव कायमचे चिकटले. तरीही जोर्वे येथील खणण्याची व्याप्ती लहान होती, आणि या लोकांच्या आधी कोण व नंतर कोण, हा क्रम लावण्यासाठी अधिक जाड टेकाड हवे होते. ते नेवाशाला मिळाले.

नेवासा येथील लाडमोड नावाच्या टेकाडावर आणि नदीच्या उभ्या काठांवर 1954 ते 1956 या काळात काम झाले, 1959 नंतर ते पुन्हा हाती घेतले गेले, आणि पहिल्या दोन हंगामांचा अहवाल सांकलिया, देव, झैनुद्दीन अन्सारी आणि सोफी एऱ्हार्ट यांच्या नावे 1960 मध्ये निघाला. इतिहासाकडून प्रागितिहासाकडे, असा त्या ग्रंथाच्या शीर्षकाचा रोख होता, आणि तो कामाच्या दिशेला धरूनच होता: उत्खनक नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे, वरून खाली जातो. नदीच्या काठात तळाशी मोठ्या गोट्यांचा थर होता आणि त्यात अश्मयुगातील हातकुऱ्हाडी होत्या. त्याच्या वर गाळ. त्याच्याही वर बारीक गोट्यांचा दुसरा थर, आणि त्यात चर्ट व जास्पर यांसारख्या गारगोटीच्या जातीच्या दगडांच्या छिलक्यांपासून केलेल्या तासण्या. हातकुऱ्हाडी करणाऱ्यांहून वेगळी, नंतरची अशी अवजारांची परंपरा भारतात होती, याचा थरांवर आधारलेला पुरावा येथे स्पष्टपणे मिळाला. रानबैलाच्या एका नष्ट जातीचे जीवाश्मही या गोट्यांत होते आणि त्यांवरून हवामान व काळ यांचा अंदाज बांधता आला. मध्य पुराणाश्मयुगाचा भारतीय अभ्यास ज्या स्थळांपासून पक्का झाला त्यांत नेवाशाचे नाव अग्रभागी येते ते यामुळे.

या पुराव्यातील कच्चा दुवाही लवकरच उघड झाला. गोट्यांच्या थरातील हत्यारे नदीने कोठून तरी वाहून आणलेली होती. ती आधीची कोणती व नंतरची कोणती हे थरांवरून कळे, पण ती करणारी माणसे कोठे बसत होती, एका जागी किती हत्यारे घडत होती, त्यांतील कोणती एकत्र वापरली जात होती, हे वाहून आलेल्या दगडांना विचारता येत नव्हते. या प्रश्नाचा पाठपुरावा जर्मन संशोधक गुड्रुन कोर्विनस यांनी केला. त्यांनी नेवाशाजवळच्या चिरकी येथे 1966 ते 1969 या काळात खणून हातकुऱ्हाडींची अशी जागा उजेडात आणली, जेथे अवजारे फारशी हललेली नव्हती, आणि प्रवरेच्या संपूर्ण खोऱ्याच्या भूरचनेसह त्याचा वृत्तान्त 1981 व 1983 मध्ये दोन खंडांत मांडला. आधीच्या संशोधकाचे निष्कर्ष खोटे न ठरवता त्याच्या पुराव्याची मर्यादा ओळखायची आणि ती भरून काढणारा पुरावा शोधायला बाहेर पडायचे, हा टीकेचा सर्वांत फलदायी प्रकार होय. चिरकीचे काम त्याचा नमुना आहे.

लाडमोड टेकाडावरील ताम्रपाषाणयुगीन घरांत वेगळ्या प्रकारची कसोटी लागली. तेथे लहान मुलांचे दफन घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत केलेले होते. एका मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांच्या माळेत धाग्याचे अवशेष टिकून राहिले होते, कारण तांब्याच्या क्षारांनी ते कुजू दिले नाहीत. तंतूंच्या तपासणीत ए. एन. गुलाटी यांना त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही आढळले. येथे सिद्ध काय होते आणि काय होत नाही, हे निरखण्यासारखे आहे. कापूस व रेशीम या लोकांना माहीत होते, हे म्हणता येते. रेशीम येथेच तयार होत होते की बाहेरून आले, ते रानटी किड्याचे होते की पाळीव, हे त्या इवल्याशा तुकड्यावरून सांगता येत नाही. मूल घरातच पुरले यावरून आईबापांच्या मायेविषयी लिहिण्याचा मोह कोणालाही होईल, आणि तो मोह माणुसकीचाच आहे. पण कुंभ मुकाच राहतो, आणि मुलगा की मुलगी, आजारपण की उपासमार, यांपैकी जे हाडे सांगतील तेवढेच अहवालात येऊ शकते.

हाडे काय सांगतात, याविषयीही विसाव्या शतकाला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले, आणि या धड्याचा एक धागा नेवाशातून जातो. अहवालाच्या चौथ्या लेखिका सोफी एऱ्हार्ट या मानवशास्त्रज्ञ. सांगाड्यांची मोजमापे घेऊन वर्णन करण्याचे काम त्यांचे होते. नाझी राजवटीत त्यांनी रॉबर्ट रिटर यांच्या वंशशुद्धीविषयक संशोधन केंद्रात काम केले होते, आणि जर्मनीतील रोमा व सिंती लोकांची मोजमापे व वंशावळी गोळा करून त्यांची वर्गवारी करणारे, त्यांच्या छळाला शास्त्राचा आधार पुरवणारे केंद्र ते हेच. नेवाशाच्या कवट्या मोजण्यात कोणाचा छळ झाला नाही. परंतु कवटीच्या लांबी-रुंदीवरून माणसाचा वंश ठरतो हे गृहीतक दोन्हीकडे एकच होते, आणि ते तपासल्याशिवाय आकडे कितीही काटेकोर असले तरी निष्कर्ष भरवशाचा होत नाही. 1966 मध्ये केनेथ केनेडी आणि कैलाश मल्होत्रा यांनी नेवाशाच्या सांगाड्यांचा पुन्हा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. केनेडी पुढे दक्षिण आशियाच्या प्राचीन सांगाड्यांवर वंशांची लेबले लावण्याच्या पद्धतीचे कठोर टीकाकार झाले.

डेक्कन कॉलेजातच एक अध्यापिका अशी होती जिने हा प्रश्न विद्यार्थिदशेतच सोडवला होता. इरावती कर्वे 1927 नंतर बर्लिनला ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या, आणि कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा वंशाशी संबंध जोडणारी, गोऱ्यांना श्रेष्ठ ठरवू पाहणारी मार्गदर्शकाची कल्पना त्यांच्यापुढे होती. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशातील, परकी भाषा बोलणारी, पदवीसाठी त्याच गुरूवर अवलंबून असलेली विद्यार्थिनी आकड्यांशी प्रामाणिक राहते, याहून मोठे उदाहरण चिकित्सक विचाराच्या धड्यासाठी शोधण्याची गरज नाही. 1939 पासून त्या डेक्कन कॉलेजात शिकवत होत्या, आणि तीच वृत्ती पुढे ‘युगान्त’मध्ये महाभारताच्या पात्रांकडे पाहतानाही टिकली.

श्रद्धेच्या विषयाला अशी दृष्टी लावताना कोठे थांबावे, हेही नेवासाच शिकवतो. लाडमोड टेकाडावर सातवाहन काळानंतर दीर्घकाळ वस्ती नव्हती आणि पुढचा थर थेट मुसलमानी-मराठा काळाचा आहे, असे उत्खननात दिसले. ज्ञानेश्वरीचा काळ या रिकाम्या जागेत पडतो. उतावळा वाचक यावरून परंपराच निराधार ठरवील. वास्तविक टेकाड फक्त टेकाडापुरते बोलते. नेवासे नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले आहे, वस्ती सरकत असते, आणि ज्या जागी खणलेच नाही तेथे काय नव्हते हे खणलेल्या जागेवरून सांगता येत नाही. शिवाय ज्ञानेश्वरीचे स्थळ आणि शक तिच्या शेवटी ग्रंथातच आले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून ग्रंथ सांगितला असे मानतात त्या खांबावर अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. खांबावरचा लेख दानाविषयी पुरावा देतो, टेकून बसण्याविषयी देत नाही; ती परंपरेची गोष्ट आहे आणि परंपरा म्हणूनच तिचा आदर करता येतो. दुर्गा भागवतांनी याच खांबावरून ‘पैस’ हा निबंध लिहिला, आणि त्याच नावाच्या संग्रहाला 1971 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अभ्यासकाची कठोरता आणि भक्ताचा ओलावा एका लेखणीत नांदू शकतात, हे त्यात दिसते.

सातवाहनकालीन थरांना अहवालाने भारत-रोमन असे नाव दिले होते, कारण त्यांत भूमध्य समुद्राकडून मद्य व तेल आणणाऱ्या ॲम्फोरा नावाच्या दोन कानांच्या उंच घटांची खापरे होती. पुढच्या काळात भारतभरच्या अशा खापरांची नव्याने छाननी झाली, तेव्हा रोमन समजली गेलेली पुष्कळशी मेसोपोटेमियातील, बिनकानाच्या, निमुळत्या बुडाच्या घटांची निघाली. व्यापार होताच, पण त्याची दिशा आणि काळ दोन्ही पुन्हा मांडावे लागले. मूठभर आयात खापरांवरून नगर जिल्ह्यातील कष्टकऱ्यांच्या इतक्या मोठ्या कालखंडाला रोमचे नाव का द्यावे, हा प्रश्न तर खापरांच्या छाननीवाचूनही विचारता आला असता.

स्वतः सांकलिया शंका घेण्यास जितके तत्पर, तितकेच तर्क मांडण्यास धीट होते. ताम्रपाषाणयुगीन तोटीच्या भांड्यांचे साम्य इराणमधील भांड्यांशी दाखवून त्यांनी पश्चिम आशियातून आलेल्या लोकांचा संबंध सुचवला; 1973 मध्ये रामायणावरील पुस्तकात मूळ कथेतील लंका मध्य भारतात शोधावी, असे प्रतिपादन करून त्यांनी मोठा वाद ओढवून घेतला. यातील पहिल्या तर्काला पुढच्या पिढीने, त्यातही मधुकर केशव ढवळीकरांसारख्या त्यांच्याच संस्थेतील संशोधकांनी, हळूहळू मागे टाकले. त्यांनी स्थलांतराऐवजी पाऊसमान, जमीन, पीक आणि अन्नसाठा यांच्या आधारे वस्त्या का वाढल्या व का उजाड झाल्या याचा शोध घेतला. गुरूची पद्धत घेऊन गुरूचा निष्कर्ष नाकारण्याची मोकळीक या परंपरेत होती, आणि ती राखण्याचे श्रेय सांकलियांना द्यावेच लागेल. 1976 मध्ये म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. इंग्रजीपर्यंत न पोहोचलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ही चर्चा खुली करणारे ते पाऊल कमी महत्त्वाचे नव्हते.

दायमाबादने मात्र या साऱ्या शिस्तीपुढे असा पेच टाकला की तो आजही सुटलेला नाही. श्रीरामपूर तालुक्यातील प्रवराकाठचे हे टेकाड 1958 मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांच्या नजरेस आले, म. न. देशपांडे यांनी 1958-59 मध्ये, एस. आर. राव यांनी 1974-75 मध्ये आणि एस. ए. साळी यांनी 1975 ते 1979 या काळात तेथे खणले. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असा पाच संस्कृतींचा क्रम तेथे लागला, आणि सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्याने हडप्पा परंपरेची कक्षा गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आली. परंतु दायमाबादचे नाव जगभर गेले ते 1974 मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना सापडलेल्या चार धातुशिल्पांमुळे: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा, सगळे मिळून साठ किलोहून अधिक वजनाचे. ती उत्तर हडप्पा काळातील असावीत, असे राव, साळी, ढवळीकर आदींनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मानले. धातूंचा रासायनिक अभ्यास करणाऱ्या डी. पी. अगरवाल यांनी हरकत घेतली ती अशी: या शिल्पांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, तर तत्कालीन इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिक मिसळल्याचे दिसत नाही, तेव्हा ती ऐतिहासिक काळातील असू शकतात. एका बाजूला शैली, प्राणी आणि स्थळाचा संदर्भ, दुसऱ्या बाजूला धातूचे घटक; दोन्ही पुरावे खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत, कारण ज्या थरात ती शिल्पे पडून होती तो थर ती निघताना कोणी नोंदवला नव्हता, आणि धातूचा काळ कोळशातील कर्बाप्रमाणे थेट मोजता येत नाही. तशाच आणखी एखाद्या वस्तूचा तुकडा बिनढवळलेल्या थरात, कोळशाच्या सोबतीने मिळाला, तर हा वाद मिटू शकेल. तोवर पाठ्यपुस्तकांतील चित्राखाली छापलेल्या कालखंडापुढे प्रश्नचिन्ह असणेच न्याय्य आहे.